माप

कामठी रोडला माझं दुकान. पराते सीट कव्हर्स.
उन्हानं पाटीवरचा शेवटचा 'र्स' खाल्ला,
गिऱ्हाइकांचं त्यावाचून अडत नाही.

बाप गोळीबार चौकात मागावर नऊवारी विणायचा.
मी रेक्झिन शिवतो.
पण उभा धागा कोणता, आडवा कोणता, हे बोटं विसरली नाहीत,
म्हणून सांगतो, गाडीतला पट्टा हे अस्सल विणकाम आहे.
दाट. हिसका द्या, तसूभर हटत नाही.
कोण्या कोष्ट्यानं, कोण्या देशात, मन लावून केलेलं.

आणि मी विकत होतो त्याच्या खाचेत घालायची
नुसती लोखंडी जीभ, बिनपट्ट्याची.
साठ रुपये. खट् केलं की गाडी गप्प.
"काका, लय बीप वाजून राहिला जी, काहीतरी करा न."
करायचो.
ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या शेजारी
डबाभर जिभा.

मे महिन्यात एक बाई आली.
पारा सेहेचाळीसवर, कूलरचं पाणीही कोमट.
मागच्या सीटवर पोरगं, साडेसहा वर्षांचं, अद्वय नाव,
मुठीत संत्रा बर्फी, निम्मी वितळलेली.
तिनं एक उंच गादी माझ्या पुढ्यात ठेवली.
"हे बूस्टर. बसवून द्या. पट्ट्याची खाच तुमच्या कव्हरखाली गेली."
मी हसलो. म्हटलं, नवरदेवासारखं पाटावर बसवता का पोराला?

ती हसली नाही.
आधी पोराला तसंच बसवलं, दुसऱ्या बाजूला, पट्टा लावला.
"बघा."
पट्टा गळ्यावरून गेला होता.
घोट गिळताना जे हलतं, बरोबर त्याच्यावरून.
खालचा पट्टा पोटावर, आत्ताच बर्फी गेली तिथं.
मग गादी खाली सरकवली.
वरचा खांद्याच्या हाडावर आला, खालचा मांडीच्या मुळाशी.
चार बोटांचा फरक.

"किती वर्षं लागते हे?"
"कायदा म्हणतो चौदापर्यंत बांधून बसवा, नाही तर हजाराचा दंड.
पण पट्ट्याला वय कुठं कळते, काका? उंची कळते."

गळ्यातला टेप काढला, पोराला उभं केलं.
एकशे चौदा.
तीस वर्षं सीटची मापं घेतली,
बसणाऱ्याचं हे पहिलं.

मग तिच्या बाजूच्या कव्हरला कात्री लावली.
दुहेरी शिवण, टोकाला गाठ आत दाबलेली. माझीच.
आत खाच होती, आणि खाचेत
जीभ.
"हे काय आहे?" ती म्हणाली. "गाडी आमच्या सासऱ्यांची, मला माहीत नाही."
मला माहीत होतं.
काढून खिशात टाकली. कापडातून मांडीला चटका बसत राहिला.
बकल आधी माझ्या मनगटाला लावून पाहिलं,
बाटलीतलं दूध पाहतात तसं,
ओल्या फडक्यानं पुसलं,
मग पोराला.
शिलाईचे पैसे तिनं विचारले. मी म्हटलं, राहू द्या.
का, ते नाही म्हटलं.

तेव्हापासून कोणी जीभ मागितली की "संपल्या" सांगतो.
डब्यात बावीस आहेत. फेकवत नाहीत, रोख देऊन आणल्या.
बाजूचा मोटघरे विकते. पन्नासला.

संध्याकाळी मुलगा स्कूटीवरून घरी येतो,
समोर ओजल उभी, दोन्ही आरशांना धरून,
वाऱ्यानं डोळे बारीक, तोंडभर खुशी.
कालपर्यंत मलाही ते पाहून बरं वाटायचं.
म्हटलं, इकडं ये.
तिच्या डोक्याभोवती टेप फिरवला, कपाळावरून, कानांच्या वरून.
"आबा, टोपी शिवून राहिले?"
एकावन्न.
विजेच्या बिलामागं लिहून ठेवलं.
मुलगा म्हणे, काऊन जी बाबा, कोपऱ्यापर्यंतच तं जातो आम्ही.
मी आकड्याखाली रेघ ओढली.
ओजल म्हणे, लाल घ्या.