सोड्यांचा डबा

हातखंब्याच्या तिठ्यावर रिक्षावाला शेजारी येऊन थांबला,
"ताई, गाडीत धूप घातलाय काय?"
आरशात पाहिलं तर खरंच
मागचा एसटीचा थांबा निळसर, पुसट झालेला.

एस्टीम अठ्ठ्याण्णवची. टर्बो माझा,
दोन वर्षांच्या बोनसमधून, कोणालाही न विचारता.
आंबा घाट ती आता तिसऱ्या गिअरात चढते
आणि दर पाचशे किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल
कुठं ठेवते ते सांगत नाही.
फरशीवर थेंब नाही.

मिरकरवाड्याला लतीफ होडेकर ट्रॉलरची इंजिनं उघडतो.
मोटारींना खेळणी म्हणतो.
तरी त्यानं टर्बोचा पाइप सोडवला, आत बोट फिरवलं
आणि तेच बोट माझ्या डोळ्यांपुढे धरलं. काळं, ओलं.
मग डिपस्टिककडे नजर टाकली.
ती आपसूक दोन बोटं वर आलेली,
उकळत्या पातेल्यावरच्या झाकणीसारखी.

"रिंगा सगळा जोर अडवत नाहीत, थोडा खाली निसटतोच.
तेवढ्यापुरती कंपनीनं ठेवलीय ही नळी, करंगळीएवढी.
तू त्याला सनई दिलीस वाजवायला
आणि नाकपुडी एकच."

मी ऐटीत पिशवीतून कॅच कॅन काढला,
निळा, चकचकीत, कुरिअरनं आलेला.
त्यानं कानाशी हलवला, झाकण फिरवून आत टॉर्च मारला.
"आत कायच नाय. वाफ या दारानं येणार, त्या दारानं जाणार.
हा डबा नाय, दागिना."

मग घरातून सोड्यांचा डबा आला. जाड स्टीलचा, कडीचा.
सोडे परातीत ओतलेले,
जैबुन आतून बोलत होती ते ऐकू येत होतं
आणि लतीफ वेल्डिंगचा चष्मा चढवून बहिरा झालेला.
मधे एक पत्रा, तळाला न टेकणारा.
त्याच्याखाली भांडी घासायच्या तारेच्या दोन घासण्या.
बुडाला पितळी तोटी,
वर अंगठा जाईल अशा दोन नळ्या,
जुन्या नळीत एक एकेरी झडप, टर्बोचा जोर उलटा शिरू नये म्हणून.
"वाफेला वळायला लाव. आपटली, निवली
की तेल तिथंच सोडते."

त्या रविवारी घाटात, चौथ्या वळणाला,
एसीतून सोड्यांचा वास आला.
शेजारी बसलेली शर्वरी म्हणाली, भूक लागली.

तोटी सोडली तर पहिल्यांदा निघालं ते तेलच नव्हतं,
पांढुरकं, ताकात हळद सांडल्यासारखं.
मी घाबरून फोन लावला.
"दर्याकाठची हवा ती. बँकेपर्यंत दोन किलोमीटर चालवतेस,
तापतच नाय. लांब ने, पाणी उडंल."
पावसला जाऊन आले, मग गणपतीपुळ्याला, उगाच.
खाली काळं आलं. नीट काळं.

धूर गेला. डिपस्टिक जागेवर बसली.
वहीत मात्र दर शनिवारी लिहीत राहिले:
पाचशे किलोमीटर, डब्यात दोनशे मिली.
पुढच्या वेळी दोनशे वीस.
वही नेऊन दाखवली तेव्हा तो हसला नाही.
गेज लावला. एक, दोन, चार सारखे.
तीन नंबरचा काटा निम्म्यावर येऊन थकला.
"डबा औषध नाय. डबा हिशेब दाखवतो, बस.
बूस्ट उतरव, नायतर इंजिन खोलू."
खोलायचे पैसे मी मनात मोजले. बूस्ट उतरवला.
आंबा घाट आता दुसऱ्या गिअरात.

डब्यातलं जळकं तेल मी बाटलीत साठवते.
दोन लिटर झालं की लतीफकडे देते,
तो ते ब्रशनं ओंडक्यांना फासतो
ज्यांच्यावर होड्या पावसाळाभर टेकवून ठेवतात.
वाळवी लागत नाय, म्हणतो.
मागच्या खेपेला दुपारी तिथं उभी होते,
ओंडके काळेभोर चमकत होते,
त्यातला पुढचा कुठला, माझ्या घाटाचा,
ते मला ओळखता येईना.

आज: एकशे नव्वद मिली. हवा ओली.
जैबुनला नवा डबा अजून घेतलेला नाही.