पाय दे

मेणबत्त्या ऐंशी, मोजून. पोरीच्या दिवसाला एक.
दोन वर्षांचे उपास, कोळशाने भिंतीवर मांडलेले,
दर बुधवार, दर शुक्रवार,
वर मोठ्या उपासाचे पंचावन्न दिवस.
उपासाला मध चालतो आमच्यात.
पोळी माझी, माश्या माझ्या,
तरी मी बोट चाटलं नाही.

दोन बाळं गेली होती, नाव ठेवायच्या आधीच.
म्हणून तिसऱ्या खेपेला मारियमला सांगून टाकलं:
ही जगली तर ऐंशीव्या दिवशी
तिला पाठीशी बांधून कडा चढेन.
कुणाचा हात न धरता, दोर न शिवता.
नवस कसा, वाजवून घ्यावा असा हवा.
उधारी मला आवडत नाही. देवाचीसुद्धा.

तर ती जगली.
आज पहाटे गेराल्ताच्या तांबड्या खडकाखाली
चपला काढून मी वर बघितलं.
खालून चर्च दिसत नाही. ते कड्याच्या पोटात आहे,
आणि पोटातलं न बघताच मानायचं असतं
हे मला कुणी शिकवायला नको.

"दोर घे गं, लेताय," नवरा म्हणाला.
"तू घे."

पहिला पुरुषभर सोपा गेला.
जुन्या टाचांनी खोबणी कशा ताटासारख्या घासल्या आहेत.
दुसऱ्यात अंगठा पुरेना.
तिसऱ्यात उजवा पाय हवेत, आणि खाली काही नाही.
चाचपलं: खडक, खडक, वारा.
पाठीवर ती जागी झाली. रडली नाही.
मानेवर तिचा ओला श्वास,
आणि मांडी माझी शिवणयंत्रासारखी थडथडायला लागली.
स्तोत्र म्हणायला गेले
तर आठवला मेणबत्त्यांचा भाव.

मग खालून खोकला.
वोल्दू. चर्चचा राखणदार, एका डोळ्याचा,
बकऱ्यांचा आणि लसणाचा वास मारणारा.
त्याने माझी टाच धरली.
"पाय दे."
"नवस आहे माझा."
"असेल. पाय दे."
"स्वतःच्या बळावर येईन, असं बोललेय मी मारियमला."
"तिने ऐकलं असेल, आणि हसली असेल.
पोरी, पाय माझ्या हातात आहे, पण तू तो दिला नाहीस अजून.
जड लागतोय. ढिला सोड."

पाय ढिला सोडणं
उपासाहून अवघड आहे, सांगते.
उपासात निदान भूक तरी आपली असते.

आधी गुडघा. मग घोटा.
मग आणखी आत कुठेतरी,
त्या दोघांना मातीआड केलं तेव्हापासून
आवळून धरलेलं काहीतरी.
त्याने तो पाय उचलला, परक्या वस्तूसारखा,
आणि एका खोबणीत ठेवला.
वीतभरच लांब होती ती.

वर अंधार. भिंतीवरचे संत डोळे विस्फारून.
गाठोडं सोडलं तर सगळ्या मेणबत्त्या मोडलेल्या,
तुकडे नुसते वातीवर लोंबत होते.
अब्बाने त्यातलीच एक वाकडी उचलून पेटवली.
पाणी थंड होतं, पोर आता रडली, दणकून रडली.
म्हणायचं मला पुष्कळ पाठ होतं.
कपाळ तेवढं जमिनीला लागलं,
आणि मग कितीतरी वेळ ते तिथेच होतं.

नवस मोडला, हे खरंच.
भिंतीवरच्या रेघा घरी जाऊन पुसेन म्हणते. बघू.

उतरताना तर खोबणी दिसतच नाहीत.
तोंड खडकाकडे, पाठ दरीकडे,
पाठीवर पोर, तिला आता नाव आहे.
वोल्दू खाली कधीच जाऊन थांबला होता.
तो खोकला फक्त.
मी पाय सोडला.