भरमाचा वाटा

जत्रेचं मटण रविवारी रात्री शिजलं.
सोमवारी पाहुणे गेले, मांडवाचे बांबू गेले,
कडोलीच्या गल्लीत उरल्या उष्ट्या पत्रावळ्या
आणि आमच्या चुलीवर, जर्मनच्या डेचकीत,
भरमाचा वाटा:
दोन नळ्या, काळजाचा तुकडा,
बोटभर तवंगाखाली तांबडा रस्सा.

भरमा माझा थोरला.
लोड घेऊन होस्पेटला अडकलेला.
"येउलालोय," म्हणाला फोनवर.
नऊ वर्षं झाली, तो येउलालाय.

आई सकाळी एक उकळी देते, दिवे लागताना एक.
झाकणावर पाटा ठेवते, मांजरासाठी.
म्हणते, उकळी देत राहिलं की मटण मरत नाही.

फ्रिज आहे घरात, बायकोच्या माहेरचा.
त्यात दूध आहे, अबोलीचा गजरा आहे,
आईच्या शुगरची सुई आहे.
पण फ्रिजवर देव्हारा आहे, दुसरीकडं जागा नाही म्हणून,
आणि देव्हाऱ्याखाली मटण ठेवायचं नाही,
शास्त्र म्हणून.

मी उद्यमबागेत, फाउंड्रीत.
एकवीस वर्षं लोखंड ओततोय, चौदाशेच्या आसपास.
त्यातून कळलं ते एवढंच,
की काम तापताना बिघडत नाही,
निवताना बिघडतं.
लालभडक असतं त्याला कुणी हात लावत नाही.
कोमट झालेलं फसवतं.

म्हणून म्हटलं, आई,
शिजल्यावर दोन तास, त्याच्या आत फ्रिज,
तिथं तीन दिवस, फार तर चार.
उकळीनं जंतू मरतात,
त्यांनी सोडून ठेवलेलं विष
उकळीलाही दाद देत नाही कधीकधी.

"तुझ्या बाच्या वेळंला फ्रिज होता काय?"

नव्हता.
आणि पन्नाशीच्या पुढं बाही नव्हता.
हे मी बोललो नाही.

मंगळवारी रस्सा तांबड्याचा तपकिरी झाला.
बुधवारी नळीवरचं मांस आपोआप सुटलं,
अंघोळीला निघालेल्या माणसाचा सदरा सुटावा तसं.
आईनं वरून वाटीभर पाणी घातलं, मीठ घातलं.
वासाचं कुणी काढलं नाही.
घरात चार नाकं, चारही गप्प.

गुरुवारी लगमव्वा चिंच मागायला आली.
पाटा उचलला, झाकण उचललं,
एकच शब्द बोलली: "हळसैती."
चाळीस वर्षं त्या दोघी
परड्याच्या भिंतीवरून भांडतात,
ही तिच्या भाषेत, ती हिच्या.
त्या दिवशी मात्र आईला कानडी अजिबात समजलं नाही.

रात्री मीच उठलो.
कढीपत्त्याच्या बुडाशी दोन हात खड्डा काढला,
कुत्र्यांनी उकरू नये एवढा.
काळजाचा तुकडा सगळ्यात शेवटी पडला,
आवाज न करता.
अंधारातून आई म्हणाली,
"डेचकी राखेनं घास. नुसत्या पाण्यानं वास जात न्हाई."
म्हणजे तिलाही येत होता.
सोमवारपासून कदाचित.

शुक्रवारी पहाटे चारला
कोपऱ्यावर एअरब्रेकचा सुस्कारा.
भरमा. दाढी पिकलेली, पायात रबरी चप्पल,
हातात होस्पेटच्या केळ्यांचा फणा.
उंबऱ्यातच: "मटण ऱ्हायलंय काय गे?"

मी बायकोकडं बघितलं, बायको चुलीकडं.
आई म्हणाली, "राखलेलं की. पाच दिवस राखलेलं."
आणि जत्रेच्या उरलेल्या मसाल्यात
चार अंडी फोडली.

भरमा जेवला. बोटं चाटली. भिंतीला टेकून
तोंड उघडं ठेवून झोपला, लहानपणी झोपायचा तसाच.
ताटात अर्धं अंडं राहिलं, थोडा रस्सा.
आईनं ते माझ्यापुढं सरकवलं.
"खा.
दोन तास व्हायचेत अजून."