बारावं भोक

बुधवारी सांगितलं, पत्रा काढ.
स्क्वॅशच्या समोरच्या भिंतीचा, तळाचा पत्रा,
ज्याला चेंडू लागला की ठण्ण वाजतं
आणि पोरं कपाळाला हात लावतात.
विभागीय स्पर्धा आहेत, लुकतुके साहेब म्हणाले,
यंदा रॅकेटबॉलही घेतलाय.
म्हटलं, म्हणजे काय?
तेच रे. पण पत्रा नको.

कोर्ट चाळीस फुटी हवं, आमचं बत्तीस.
पुस्तक चाळून कुणीतरी म्हणालं, चालवून घ्या.
पुण्यात चालवून घेतात,
तक्रारीचं पत्र मागाहून.

पत्र्याला बारा स्क्रू, म्हणजे भिंतीला बारा भोकं.
लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, वर पांढरा हात.
अकरा झाली.
मग चहा आला. मग मंडपवाल्याला वायर हवी झाली.
मग कबड्डीच्या मॅटचा ट्रक गेटात अडकला
आणि बालेवाडीचा अख्खा रस्ता माझ्या नावानं हॉर्न वाजवू लागला.
बारावं राहिलं. डावीकडून तिसरं.
मला आठवलं ते शनिवारी,
फायनल चालू असताना.

खडकीची शलाका नाझरे, म्हणजे आपली,
आणि गोव्याची ज्योविता कुलासो.
दोघींना गॉगल, रॅकेट मनगटाला दोरीनं बांधलेली,
बालवाडीतल्या पोराची बाटली बांधतात तशी.
चेंडू निळा, पोकळ, वेडा.
छताला लागला तरी चालतो म्हणे.
काचेमागे प्रेक्षक एकोणीस,
त्यात सात आपलेच, मेंटेनन्सचे.
बाकीचं पुणं कबड्डीत;
तिकडून आरोळी आली की आमची काच थरथरायची.

तिसरा गेम. दहा-दहा. अकराला सोनं.
शलाकानं खालून मारला, भिंतीच्या अगदी पायाशी,
आणि चेंडू यायचा तसा आलाच नाही.
काटकोनात वळला, जणू कुणी हाक मारली.
ज्योविताची रॅकेट हवेतून गेली.
एकोणीस जणांनी टाळ्या वाजवल्या,
मी धरून.

ज्योविता वाद घालेना.
भिंतीशी गेली, खाली बसली,
बोटांनी चाचपलं.
डावीकडून चौथं.
ते मी भरलेलं होतं, गुळगुळीत,
इतकं चांगलं की मलाच अभिमान वाटला असता.
उठली. हात पुसला.
शलाकाकडे हात पुढे करणार,

"तिसरं बघा," कुणीतरी म्हणालं.
आवाज माझाच होता.

पंचांनी पेनाचं टोक घातलं. टोक गेलं आत.
पॉइंट रद्द, परत खेळा.
लुकतुके साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी उघड्या सॉकेटकडे बघतो.

लांबी सुकायला दोन तास, पंच म्हणाले दोन मिनिटं.
बाथरूममधला पांढरा साबण आणला,
पटाशीनं खरवडून भोकात दाबला,
अंगठ्यानं सारखा केला.
सगळे बघत होते. कामाला इतके प्रेक्षक
आयुष्यात पहिल्यांदा.

पुढचं लवकर झालं.
शलाकाचा चेंडू आधी जमिनीला लागला, मग भिंतीला.
सर्व्हिस गेली. सोनं म्हापशाला गेलं.
कबड्डीत कुणी जिंकलं असावं, छप्पर हललं.

ती किट आवरून माझ्या समोरून गेली,
थांबली, गॉगलचे वळ अजून गालावर.
"काका, मला आवाज पोकळ आला होता," म्हणाली.
एवढंच.
मला, मारला तेव्हाच, की नंतर, काही नाही.
मी पटाशी पुसत राहिलो.

सोमवारी पत्रा परत बसवला.
अकरा भोकं शोधायला पाऊण तास गेला,
माझ्याच हातानं बुजवलेली, सापडेनात;
ठोकून ठोकून कान लावला, मग ड्रिल,
मग पांढरी धूळ भुवयांवर.

बारावा स्क्रू मात्र हातानंच बसला.
साबण लागला की
स्क्रू गुमान आत जातो.