वीस नंबरची सीट

सुईच्या नाकात दोरा जाईना
तेव्हा मी आधी सुईला दोष दिला,
मग दोऱ्याला,
मग नातवाला बसवलं मशीनपाशी,
एका दोऱ्याचा एक रुपया.
पाटीवर अजून लिहिलेलं आहे :
चंपत टेलर, शाळेचे कपडे वेळेवर मिळतील.

उपकेंद्रात डोळे तपासले त्या दिवशी
डॉक्टरीणबाई टॉर्च धरून म्हणाल्या,
पिकलाय मोतीबिंदू, बुधवारी गाडी येईल,
साडेसहाला रस्त्यावर उभे राहा.
जागा वीस. मी विसावा.
कुंदाताईने माझ्या नावाखाली रेघ मारली.
रेघेच्या खाली, बाकावर,
कोलामांच्या पोडावरून चालत आलेली लेतूबाई टेकाम.
एकवीस.

बुधवारी मी गेलो नाही.
कारण सांगायचं तर, पानगे.
साळ्याच्या वावरात पानगे अन् वांग्याची भाजी होती,
मंगळवारी रात्री तिकडेच राहिलो.
डोळा काय, पळून थोडाच जातो,
पुढच्या कॅम्पात होईल.
शेजारी म्हणाले, मुनाफने तीनदा हॉर्न वाजवला,
खाली उतरून दारही ठोठावलं,
मग घड्याळ पाहून निघून गेला.
यवतमाळपर्यंत माझ्या जागेवर
कोणाची तरी डब्याची पिशवी बसून गेली.

कुंदाताई रागावली असती तर बरं झालं असतं.
पोरीच्या फ्रॉकची शिवण दाखवता दाखवता म्हणाली,
"एक फोन करायचा होता ना, चंपतभाऊ.
पोडावर रेंज नाई.
आदल्या रात्री समजलं असतं
तर माणूस धाडला असता बाईकडे.
सकाळी साडेसहाले मी कोणाले धाडू?"
शिवण वाकडी होती. तेही ती बोलली नाही.

बाजाराच्या दिवशी लेतूबाई दुकानात आली, चोळी शिवायला.
मी टेपवरचे आकडे अंदाजाने वाचले,
तिने नोटा अंगठ्याने चोळून अंदाजाने मोजल्या,
"हे पन्नासाची का दहाची, बाप्पा?"
मी खरं सांगितलं.
नोटेपुरतंच.
चोळी खांद्यात दाटली, दोनदा उसवावी लागली,
शिलाई घेतली नाही तर ती म्हणाली, कायले?
मी मान खाली घालून
खडूची रेघ शोधत बसलो.

दिवाळीनंतर दुसरी यादी लागली.
तिचा नंबर चार, माझा नऊ.
पिशवी भरून ठेवली : आधार कार्ड, टॉवेल,
जुन्या चिठ्ठ्या, बीपीच्या गोळ्यांचं पाकीट
(एकही गोळी न चुकवता घेतलेलं, हे पहिल्यांदाच).
आणि सोमवारी खोकला सुरू झाला.
मंगळवारी कोरडा, खोल, बरगड्या हलवणारा.

खोकला झाकता येतो.
लवंग धरायची दाढेखाली, टेबलावर पडेपर्यंत.
मेडिकलवाल्याकडे निळं औषध मिळतं, चिठ्ठी लागत नाही.
घरचे म्हणाले, कोणाले काय समजते?
चुलीपाशी बसून तासभर मी तेच म्हणत होतो.

सात वाजता फोन लावला.
"कुंदाताई, नाव काढा माझं. खोकला हाय.
वेळ हाय तवा देऊन टाका कोणाले."
पलीकडे कागद सळसळल्याचा आवाज.
मग, "किती दिवसांचा खोकला? थुंकीतून रक्त?
उद्या सकाळी उपकेंद्रात या.
मनानं काही घेऊ नका.
नाव पुढच्या यादीत लिहिते."
शाबासकी नाही, काही नाही.
बरोबरच आहे, शाबासकी कशाची?

बुधवारी साडेसहाला
मी अंगणात मफलर गुंडाळून बसलो.
डांबरीवरून गाडीचा आवाज आला.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी
हॉर्न वाजला नाही, गाडी थांबली नाही.
खिडक्यांमागची डोकी मोजायला गेलो,
सगळी धुकट, एकात एक शिरलेली,
चौथं कोणतं, नववं कोणतं, काही कळेना.
पण मधे कुठे
फट दिसली नाही.