सोबतीचं व्हाउचर

एक लाख ब्याऐंशी हजार चारशे पॉइंट.
थोडे उडून जमवले,
जास्त जमिनीवरच:
बाणेरच्या पंपावरचं पेट्रोल, लक्ष्मी रोडचे पडदे,
फ्रांकफुर्टच्या आठ खेपा यंत्रांचे कॅटलॉग घेऊन,
मधल्या सीटवर, कोपरं आवळून.
वकिलाची फीसुद्धा कार्डानेच भरली होती.
शिवाजीनगरच्या कोर्टात नातं सुटलं
आणि तेराशे वीस पॉइंट जमा झाल्याचा मेसेज
रिक्षात बसता बसता आला.

यंदा कंपनीने वर एक व्हाउचर दिलंय, निष्ठेबद्दल.
निष्ठा हा शब्द त्यांचा.
माझं तिकीट पॉइंटांवर काढलं तर सोबतीचं फुकट.
कर वेगळे. अटी लागू.
मुदत एकतीस मार्च.

सोबत कुणाची?
बहिणीचे गुडघे.
सुरुचीला ह्यांना विचारावं लागतं, आणि हे
कुठल्याही महिन्यात विचारा, ऑक्टोबर म्हणतात.
ऑफिसातली देवयानी? तिच्याबरोबर
चहासुद्धा लांबतो, चौदा तास कुठले.

दर दुसऱ्या शनिवारी मी खांबेटेबाईंकडे जाते,
कुणाला फारसं सांगत नाही.
कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, तिसरा मजला, दोन खोल्या.
बी.पी.च्या गोळ्या नेते,
कपाटाचं दार अडकतं ते उघडून देते.
पूर्वी आई म्हणायचे.
आता काहीच म्हणत नाही,
वाक्य मधूनच सुरू करते.

एकतीस वर्षं त्यांनी मुलींना भूगोल शिकवला.
फळ्यावर आंतरराष्ट्रीय वाररेषा काढायच्या,
बेटं चुकवत, वाकडी, खडू न उचलता.
स्वतः गेल्या त्या मिरजेपर्यंत.

मी म्हटलं, सिएटलला जाऊ या, मुलाकडे सोडते तुम्हाला,
मी हॉटेलात राहीन.
म्हणाल्या, तो व्हिडिओवर दिसतो की.
मला ती रेषा ओलांडायचीय.

पॉइंटांच्या जागा रात्री बारानंतर सुटतात म्हणे.
तीन शनिवार आम्ही जागलो,
माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्यांच्या हातात
जुन्या हजेरीपटाची कोरी पानं.
ही तारीख गेली. ही अर्धीच मिळते.
हिला लंडनमध्ये एकोणीस तास बसा.
आणि मग अठरा फेब्रुवारी,
तोक्योहून संध्याकाळी पाचला निघायचं,
सॅन फ्रान्सिस्कोला पोचायचं
अठरा फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ.

म्हणजे निघायच्या आधी पोचायचं, मी म्हटलं.
बाई चष्म्यावरून बघत राहिल्या.
कारण सांग.
मी चुकले.
त्यांनी टोपलीतलं मोसंबं घेतलं, बॉलपेनने रेघ मारली,
आणि रात्री पाऊण वाजता
मला तोच मंगळवार दोनदा दाखवला.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, सोबतीचं सदस्याशी नातं.
पती, पत्नी, आई, वडील, मूल.
सासू होतं. होती असं कुठे नव्हतं.
मी बाण खाली नेत नेत 'इतर'वर थांबवला.
खांद्यामागून आवाज आला,
इतर म्हणजे नकाशातला करडा भाग.
माहिती उपलब्ध नाही, असं लिहिलेलं असतं बघ खाली.
दाब.

कराचे एकतीस हजार त्यांनी रोख काढले,
चकलीच्या डब्यातून, रबरबँड लावलेले.
मी म्हटलं, माझ्या कार्डावर भरू, पॉइंट मिळतील.
किती?
सहाशे वगैरे.
त्यात काय येतं?
काहीच नाही.
मग घे, म्हणाल्या, असू दे.

मोसंबं आम्ही तेव्हाच सोलून खाल्लं. आंबट होतं.

व्हिसा अजून व्हायचाय.
निघताना दुसऱ्या मजल्यावर आले आणि आठवलं,
फोटोचं सांगायचं राहिलं.
हाक मारायला तोंड उघडलं,
काय म्हणून मारावी ते सुचेना,
कठड्याला धरून तशीच उभी राहिले.
वरूनच आलं,
पांढऱ्या पार्श्वभूमीचे ना गं?