बर्फ कारखान्यातले चार हजार डाव

वेंगुर्ला बंदरात ‘इंजिन’ म्हटलं
की लोक आधी विचारतात, किती सिलिंडरचं.
माझं दोन कोरचं.
सावंतवाडीच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून
अडीच हजाराला आणलेला डबा, एका बाजूला पत्राच नाही,
आणि त्याच्या पोटात
बुद्धिबळ खेळणारं इंजिन, मी लिहिलेलं.
नाव तिसरी.
खाडीच्या रेतीत मिळते ती,
आच लागल्याशिवाय तोंड न उघडणारी.

रात्रपाळीत माझ्याकडे वजनाची वही.
किती लाद्या गेल्या, कुठल्या ट्रॉलरला, रोख की उधार.
मधल्या वेळात सोळा नंबरची तिसरी
सतरा नंबरच्या तिसरीशी खेळते.
दोघींत फरक एवढाच:
सतरात घोड्याची किंमत पाचाने वाढवली,
आणि विचाराला वेळ सैल सोडला,
अगदी शेवटच्या क्षणापर्यंत.
दहा सेकंदांचा डाव. पांढरे मोहरे एकदा हिला, एकदा तिला.

पहिल्या दोनशे डावांवर मी आता भरवसा ठेवत नाही.
पहिल्या दोनशेत सगळंच सुधारलेलं दिसतं.
हजाराला उतार पडतो. दोन हजारांनंतर
जरा अंदाज येतो, खरंच पाणी चढलंय
की नुसती लाट होती.

कंप्रेसरवाला इनास चहा घेऊन येतो.
“कोण जिकलो?”
अजून कोणी नाही.
“खेळतत कोण?”
दोन्हीकडून मीच, म्हटलं तर.
“मगे जिकान तुका काय मेळतला?”
मी वहीत लाद्या मोजत बसतो.

सकाळी वही मिटताना सतरा पुढे असायची.
संध्याकाळी येऊन बघावं तर मागे.
रात्री अधिक नऊ, दिवसा उणे चौदा.
तीन दिवस मी घोड्याला बोल लावला,
किंमत उतरवली, पुन्हा चढवली,
पटाच्या कडेला बसला म्हणून त्याचे गुण कापले.
बिचारा घोडा.
मग हरलेले डाव एकेक करून उघडले.
एकात वजीर जास्तीचा.
एकात दोन चालींत मात, समोर, आंधळ्याला दिसावी अशी.
आणि खाली शेरा: वेळ संपून हार.
दुपारी दोन दहा. दोन चाळीस. तीन पाच.

पंखा काढला.
पात्यांवर मिठाचं ओलं पीठ, त्यात माशाची खवलं,
आणि एका कोपऱ्यात पालीचं अंडं, शाबूत.
छपराचा पत्रा तापला की चिप
चढावावर धाप लागावी तशी मंद होत होती,
आणि सतरा, जिला मीच सांगितलं होतं
शेवटच्या क्षणापर्यंत विचार कर म्हणून,
विचार करत बसत होती
जिंकलेला डाव हातात धरून.

इनासने ऐकून घेतलं. त्याला यात नवल वाटलं नाही.
“परतीचा डिझेल राखल्याशिवाय
होडी कोण भायर काढता?”
एक ओळ वाढवली: शंभर मिलिसेकंद राखून ठेव.
टेबल सरकवून बर्फाच्या खोलीच्या भिंतीला लावलं.
भिंतीला घाम येतो, म्हणून मध्ये थर्माकोल,
पापलेटच्या खोक्याचा, वास जात नाही.
अंडं खिडकीत ठेवलं.

मग पुन्हा पहिल्यापासून. चार हजार डाव.
दोनदा लाइट गेली, एकदा जनरेटरच रुसला,
नोंद दर शंभर डावांनी जपायची सवय तेव्हाच लागली.
शेवटी आकडा: अधिक दोन,
चार इकडे किंवा चार तिकडे.

“म्हणजे काय?”
म्हणजे घोड्याने काही केलं नाही. बहुतेक.
“मगे रातीचे ते नऊ खंय गेले?”
नव्हतेच ते, इनास. बहुतेक.
“तू सगळा ‘बहुतेक’च सांगतंस,” म्हणाला
आणि अमोनियाचा काटा बघायला गेला.

पहाटे चारला भोंगा. एक ट्रॉलर धक्क्याला.
चाळीस लाद्या, उधार, सही अंगठ्याची.
परत येऊन वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
अठरा. उंटांच्या जोडीला आठ गुण जास्त.
बटण दाबलं. पंखा फिरला.

डाव पहिला: बरोबरी.